कातडं न फाडता सोलायला सुरी कोणती घ्यावी?

लालबागचा माणदेशी | ३ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. राहायला लालबागला, गाव माण तालुक्यात. चैत्रात आमची यात्रा असते. पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी घरटी बोकड. गळ्यावर सुरी फिरवायचा मान मुलाणीचाचांचा. पुढचं सोलणं, वाटे घालणं हेही पूर्वी तेच करायचे. आता त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली, हात थरथरतो. म्हणून गेली तीन वर्षं ते शेजारी बाजेवर बसतात आणि मी सोलतो.

कातडं जातं आमच्या गावच्या हलगीवाल्या आबांकडे. यात्रेच्या बोकडाचं कातडं हलगीला चढवायचं ही पद्धत माझ्या आजोबांच्याही आधीची. यंदा मी सोललेलं कातडं आबांनी उन्हाकडे धरलं, तर पाठीवर दोन ठिकाणी आरपार उजेड दिसला. ते काही बोलले नाहीत. घडी घातली आणि परत दिलं. मुंबईला येऊन पंधरा दिवस झाले तरी ते डोळ्यांसमोरून जात नाही.

सुरी मी ऑनलाइन मागवली होती. पात्यावर लाटांची नक्षी, पाठीला पोट फाडायचा आकडा, पितळी मूठ. दिसायला फार देखणी. अर्ध्या बोकडातच धार गेली, मग जोर लावायला लागलो आणि पातं कातड्यात घुसलं. आकड्यात केस अडकले ते वेगळंच.

पुढच्या चैत्राला अजून अकरा महिने आहेत. पातं किती लांबीचं, कोणत्या पोलादाचं, आकार कसा, मूठ कशाची, हे जाणकारांनी सांगावं. दोन-तीन हजार खर्चायची तयारी आहे.

नागदेवीकर | ४ मे, सकाळी ९.१५

नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे पोलादापुरतं बोलतो. लाटांची नक्षी खरी असते तेव्हा दोन जातींच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेले असतात आणि मग आम्लात बुडवून ती रेघ उठवतात. स्वस्तात मिळते ती बहुतेक वेळा वरवर कोरलेली. आतलं पोलाद काय आहे, त्याला पाणी नीट दिलंय का (म्हणजे तापवून, बुडवून कठीण केलंय का), हे नक्षीवरून कळत नाही.

पोलादाची कठीणता रॉकवेल मापात सांगतात. साध्या घरगुती सुऱ्या ५२ ते ५४, चांगल्या खाटकी सुऱ्या ५५-५६, आणि डी२ सारखं डायचं (साचे बनवायचं) पोलाद ६० च्या आसपास. डी२ मध्ये दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं, धार खूप टिकते. तुमची धार अर्ध्यात गेली म्हणताय, तर मी डी२ सुचवेन.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार घरकाम, शेती किंवा धंद्यासाठी बनवलेलं नसेल तर ते वेगळ्या वर्गात जातं. सोलायला एवढं मोठं पातं लागतही नाही. पण त्या देखण्या खंजिरांच्या वाटेला जाऊ नका, आणि लोकलमधून नेताना सुरी म्यानात, वर कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवा.

सत्तूर | ४ मे, रात्री ११.५५

माणदेशी दादा, तुमची आबांची गोष्ट वाचली आणि दुकान बंद करून लिहायला बसलो. आमचा खाटकाचा धंदा, माझी तिसरी पिढी. देवनारचा कत्तलखाना १९७१ ला सुरू झाला, तेव्हा वडील तिथे रोज उजाडायच्या आत पोचायचे. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला पहिल्यांदा कातडं सोलायला लावलं तेव्हा हातात सुरीच दिली नव्हती. आधी मूठ शिकवली.

तुमचा प्रश्न सुरीचा आहे. पण बोकडाचं कातडं सुरीने सोलतच नाहीत. सुरीने ते उघडतात, सोलतात ते मुठीने. कातडं आणि मांस यांच्यामध्ये पातळ पांढरा पडदा असतो. जनावर गरम असेपर्यंत तो पडदा मुठीच्या जोराने आपसूक सुटतो. पाठ, कुशी, मांड्यांचा वरचा भाग इथे पातं लागताच कामा नये. आणि तुमची भोकं नेमकी पाठीवर आहेत. म्हणजे जिथे सुरीचं कामच नव्हतं तिथे ती गेली.

आता क्रमाने सांगतो. बोकड मागच्या पायांवर टांगा. टाचेवरच्या जाड शिरेमागे आकडा घाला, ती शीर कापली तर जनावर खाली येईल. मागच्या एका पायाला, आतल्या बाजूने, छोटी चीर. सुरीचं टोक कातड्याखाली सरकवायचं, पात्याची पाठ मांसाकडे आणि धार वर आकाशाकडे. मग आतून बाहेर कापत जायचं. यात दोन फायदे आहेत. मांसाला चीर पडत नाही, आणि केस कापले न जाता बाजूला होतात. केसांवरून सुरी चालवली की धार बघता बघता बसते, कारण केसांत माती, वाळू, गोचीड सगळं असतं. तुमची धार अर्ध्यात गेली त्याचं निम्मं कारण इथे असेल.

ती चीर दोन्ही मांड्यांच्या आतून मधोमध आणायची, मग पोटावरून सरळ छातीपर्यंत. तिथून पुढच्या पायांकडे. मग सुरी कमरेच्या म्यानात. डाव्या हाताने कातड्याची कड धरून बाहेर ओढायची आणि उजव्या हाताची मूठ, बोटांची पेरं कातड्याकडे ठेवून, आत दाबत न्यायची. मांसाकडे दाबलंत तर मांसाचा पापुद्रा कातड्याबरोबर निघून येतो. कुशीवर हळू, तिथे कातडं पातळ. पाठीवर दोन्हीकडून मुठी भेटल्या की शेपटीच्या मुळाशी एकदा सुरी, मग कातड्याला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखं खाली ओढायचं. मानेपर्यंत सरसर येतं.

सुरी लागते ती चार ठिकाणी: पाय, छातीचं हाड (तिथे कातडं घट्ट चिकटलेलं असतं), शेपटीचं मूळ आणि मान. सगळं धरून पाच मिनिटांचं काम.

आता या पाच मिनिटांसाठी सुरी कशी हवी? पातं पाच इंच, फार तर सहा. टोकाकडे वर उचललेलं, पोट गोल. टोक सुईसारखं नको. आम्ही नव्या सुरीचं टोक दगडावर जरासं मोडून घेतो म्हणजे ते कातड्यात रुतत नाही. पाठ पातळ, दोन-अडीच मिलिमीटर. जाड पातं लाकूड फोडायला चांगलं, इथे ते नुसतं अडतं. मूठ प्लॅस्टिकची, खरखरीत, बोटं पुढे घसरू नयेत म्हणून पुढे उंचवटा असलेली. चरबीने हात माखला की पितळी मूठ साबणासारखी निसटते. आकडा अजिबात नको. त्यात केस भरतात, आणि त्याला धार लावायला गोल कानस घेऊन बसावं लागतं.

माझ्याकडे दोन सुऱ्या आहेत. एक लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेली, वडिलांची. दुसरी स्विस बनावटीची, काळ्या प्लॅस्टिक मुठीची. वडिलांची सुरी जास्त तीक्ष्ण होते, पण पावसाळ्यात रात्रीतून गंजते. रोजच्याला स्विस. नागदेवीकर दादांच्या डी२ बद्दल आदर ठेवून वेगळं सांगतो. आमच्या कामात धार टिकण्यापेक्षा धार चटकन परत येणं महत्त्वाचं. दर बोकडामागे आम्ही धार लावायच्या सळईवर चार हात मारतो आणि सुरी पुन्हा नवी होते. ६० च्या पोलादाला सळई काही करत नाही, दगडच लागतो, आणि यात्रेच्या गर्दीत दगड घेऊन कोण बसणार?

लालबागचा माणदेशी | ५ मे, सकाळी ७.३०

सत्तूरदादा, लोकलमध्ये उभ्याने दोनदा वाचलं. चाचा मला "मूठ घाल, मूठ घाल" म्हणत होते आणि मी जोर लावायचा म्हणजे सुरीला लावायचा असं धरून चाललो होतो. त्यांच्या बोलण्याचा अर्थ आज कळला. आणखी एक गोष्ट आठवली: यंदा देवळातून यायला उशीर झाला, बोकड दीडेक तास तसाच पडून होता. त्यानेही कातडं चिकटलं असेल का?

बर्फवाट | ५ मे, सायंकाळी ६.२०

मी मूळचा गिरगावचा, गेली बारा वर्षं उत्तर ओंटारिओत. इथे हिवाळ्यात सापळे लावून फर काढणं हा सरकारी परवान्याचा, नेमून दिलेल्या पट्ट्यांचा व्यवसाय आहे. परवान्याआधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. माझे शेजारी आजोबा हे काम पन्नास वर्षं करताहेत. मी शाकाहारी घरातला, पण त्यांच्याबरोबर तीन हिवाळे पट्ट्यावर हिंडलो आणि त्यांच्या शेडमध्ये बसून सोलायला शिकलो. प्राणी वेगळे, तरी सत्तूरदादांचं वाक्य वाचताना मला त्या आजोबांचाच आवाज ऐकू आला.

इथे सोलायच्या दोन रीती. मस्करॅट, मिंक, मार्टेन हे लहान फरवाले प्राणी आणि कोल्हा, कायोटी हे मोज्यासारखे सोलतात. एका मागच्या टाचेपासून शेपटीखालून दुसऱ्या टाचेपर्यंत चीर, आणि मग अख्खं कातडं उलटं करत डोक्याकडे ओढायचं. पोटावर चीर नाहीच. मस्करॅटला तर सुरी पुढचे पंजे, कान, डोळे आणि ओठ एवढ्यालाच लागते, बाकी बोटांनी सुटतं. ही बोकडासारखीच गत.

दुसरी रीत बीव्हरची. हा पाण्यातला मोठा कुरतडणारा प्राणी, पूर्ण वाढलेला वीस किलोच्या आसपास भरतो. हनुवटीपासून शेपटीपर्यंत एक सरळ चीर, पंजे आणि शेपूट कापून बाजूला, आणि कातडं सपाट उघडून फळीवर लंबगोल ताणून खिळे मारायचे. याचं कातडं मुठीने सुटत नाही. चरबी आणि चिवट धाग्यांनी ते अंगभर शिवल्यासारखं असतं, त्यामुळे इंच न् इंच सुरी चालवावी लागते. खरी सोलायची सुरी बघायची तर इथे. आजोबांची पाती चार इंचांची, पोट भरपूर गोल, टोक वर वळलेलं. ते कापताना पात्याचं पोटच वापरतात, टोक कधीच नाही. आणि धार कातड्याकडे न झुकवता किंचित मांसाकडे झुकवतात. चूक झालीच तर मांसाला होते, फरला नाही.

त्यांच्याकडे एका बीव्हरला तीन सुऱ्या तयार असतात. फरमध्ये नदीची वाळू असते, म्हणून सोलण्याआधी प्राणी धुऊन वाळवतात. तरी पहिली सुरी बोथट होते, ती बाजूला ठेवून दुसरी घ्यायची. मधेच धार लावायला थांबत नाहीत. यात स्वस्त सुऱ्यांचा फायदा आहे. स्वीडनच्या मोरा गावात बनणाऱ्या साध्या सुऱ्या इथे पुष्कळजण वापरतात. पातं दहा सेंटिमीटर, अडीच मिलिमीटर जाड, रबरी मूठ. फार महाग नाहीत. त्यांच्या पात्याचा उतार रुंद आणि सपाट असतो. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप बरोबर बसतो, त्यामुळे नवशिक्यालाही धार लावता येते.

बदलत्या पात्यांच्या सुऱ्याही निघाल्या आहेत, शस्त्रक्रियेच्या ब्लेडसारखं पातं लावायचं आणि बोथट झालं की फेकायचं. मिंकच्या ओठांना आणि पंज्यांना त्या सुरेख चालतात. पण बाजूने दाब आला की पातं मोडतं. बीव्हरला मी ती वापरली आणि तुकडा चरबीत हरवला, तो शोधण्यात संध्याकाळ गेली.

माणदेशी, उशिराबद्दल: हो. इथे सापळ्यातला प्राणी कित्येकदा दगडासारखा गोठलेला हाती येतो. तो आधी हळूहळू वितळवावा लागतो, आणि ताज्याइतका तो कधीच सुटत नाही. मग सुरी जास्त लागते, आणि चुकाही तिथेच होतात.

अरण्यवाट | ५ मे, रात्री ९.०५

बर्फवाट यांची माहिती उत्तम आहे. धागा वाचणाऱ्या तरुण मंडळींसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार सापळा लावणं, फास लावणं, पकडणं हे सगळं 'शिकार' याच व्याख्येत येतं. ससा असो, रानडुक्कर असो, घोरपड असो. अशा प्राण्यांचं कातडं किंवा नखं जवळ बाळगणं हाही गुन्हा. मी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहतो आणि स्वयंसेवक म्हणून जंगलातले तारांचे फास काढायला जातो. रानडुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकतो. त्या तारेने कमरेला पडलेली जखम मी जवळून पाहिली आहे. ती पाहिल्यावर हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बोकडाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मात्र मुंबईत सोसायटीच्या आवारात सराव करायचा विचार कुणी करू नये. पालिका हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापायला नियमांत मनाई आहे.

गोठा | ६ मे, दुपारी १.१०

मी पशुवैद्यक. शिक्षण परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालं, ते १८८६ पासून चालू आहे आणि माणदेशी यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. शवविच्छेदन शिकताना आम्हालाही पहिला धडा कातडं बाजूला करण्याचाच असतो. बदलत्या ब्लेडबद्दल बर्फवाट म्हणतात ते खरं आहे. चार नंबरच्या दांड्यावर बावीस नंबरचं ब्लेड आम्ही वापरतो, पण सांध्यापाशी ते मोडतं. खायच्या मटणात त्याचा तुकडा राहिला तर काय होईल याचा विचार करा. यात्रेच्या बोकडाला ते नकोच.

सुरी एक नको, दोन घ्या. एक बाहेरची चीर द्यायला, दुसरी आतल्या कामाला. कातड्याच्या बाहेरच्या बाजूला शेण, माती आणि असंख्य जंतू असतात. पहिलीच सुरी मांसात गेली की ते सगळं तिच्याबरोबर आत जातं. आधुनिक कत्तलखान्यांत दोन सुऱ्या आळीपाळीने वापरतात. एक हातात असते तेव्हा दुसरी ८२ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात. गावात चुलीवर पाण्याचं पातेलं चढलेलंच असतं, त्यात सुरी बुडवून घेणं अवघड नाही. यासाठीच मूठ प्लॅस्टिकची हवी. लाकडी मूठ रक्त आणि चरबी शोषते, गरम पाण्याने भेगाळते, आणि त्या भेगांतून घाण निघत नाही.

हाताचाही नेम ठेवा. कातड्याच्या केसाळ बाजूला लागलेला हात मांसाला लावायचा नाही. सत्तूर यांनी सांगितलेली पद्धत, डावा ओढणारा आणि उजवा आतला, हीच शास्त्राप्रमाणे बरोबर आहे.

हातमोजे घाला, विशेषतः बोटाला चीर असेल तर. बोकडाच्या तोंडाला मावा (तोंडावर फोड आणणारा आजार) झालेला असेल तर तो माणसाच्या हाताला होतो, फोड येतात. ब्रुसेलोसिस हा जनावरातून माणसाला होणारा आजार तर महिनोन्महिने ताप देतो. अचानक मेलेलं, नाकातोंडातून काळपट रक्त आलेलं जनावर तर कधीही सोलू नये. तो काळपुळीचा आजार असू शकतो, आणि उघडल्यावर त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं राहतात. बर्फवाट, तुमच्याकडे मस्करॅट आणि बीव्हरमध्ये टुलारेमिया (माणसालाही होणारा जंतूंचा आजार) आणि कोल्ह्यात रेबीज आढळतो. तुम्ही हातमोज्यांचा उल्लेख केला नाहीत म्हणून लिहिलं.

एक विनंती सत्तूर यांना. पायाला भोक पाडून तोंडाने हवा फुंकून कातडं फुगवायची जुनी रीत काही ठिकाणी अजून चालते. तुम्ही ती सांगितली नाहीत याचा आनंद झाला. फुंकणाऱ्याच्या तोंडातलं सगळं त्या हवेबरोबर मांसात जातं.

सत्तूर | ६ मे, रात्री ११.३०

डॉक्टरसाहेब, वडील फुंकायचे. आजोबाही. त्यांच्या काळी ते कसबच मानायचे, आणि फुगवलेलं कातडं सुटायचंही लोण्यासारखं. पण मी सोडलं. धाकट्या भावाला क्षयरोग झाला, तेव्हा तुमच्यासारख्याच एका डॉक्टरांनी समजावलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी फुंकत नाही. मूठ पुरते. थोडा वेळ जास्त लागतो, एवढंच.

रापी | ७ मे, सकाळी ११.००

धारावीत काळा किल्ल्याजवळ आमचा चामड्याच्या वस्तूंचा गाळा आहे. माझे सासरे पूर्वी टॅनरीत कातडी निवडायचे, त्यांच्याकडून ऐकलेलं आणि हाताने शिकलेलं सांगते.

आरपार भोक सगळ्यांना दिसतं. त्याहून वाईट असते ती अर्धवट चीर. सुरी आतल्या बाजूने कातड्यात निम्म्यापर्यंत जाते, वरून काही दिसत नाही, पण ताण आला की तिथूनच फाटतं. सासरे कातड्याच्या आतल्या बाजूवर डोळे मिटून तळवा फिरवायचे आणि चिरा मोजून सांगायचे. पाकिटाला आम्ही अशी जागा टाळून कापू शकतो. हलगीला अख्खा गोल लागतो, कडं बसवून सगळ्या बाजूंनी खेचायचा असतो, आणि वाजवण्याआधी तो विस्तवावर शेकतात. अर्धी चीर तिथे टिकत नाही. तुमच्या आबांनी कातडं परत केलं ते याचसाठी. त्यांनी ते चढवलं असतं आणि पुढच्या यात्रेत ऐन रंगात फुटलं असतं, तर ते त्यांना जास्त लागलं असतं.

सोलून झाल्यावरचंही ऐका. चैत्राच्या उन्हात कातडं घडी करून पिशवीत टाकू नका, काही तासांत केसांची मुळं सुटायला लागतात. सावलीत पसरा, आतली बाजू वर. चिकटलेलं मांस आणि चरबी बोथट सुरीने खरवडून काढा. बोथटच, आणि पात्याची कड आडवी धरून. इथे धारदार सुरी घेतलीत तर सोलताना वाचवलेलं खरवडताना घालवाल. मग जाड मीठ, हात आखडता न घेता, कडांपर्यंत चोळा. पण आबा त्याच दिवशी नेत असतील तर मिठाआधी त्यांना विचारा. काहींना मीठ न लागलेलं ताजं हवं असतं.

नागदेवीकर | ७ मे, रात्री ८.४५

सत्तूर आणि बर्फवाट यांचं वाचून डी२ चा आग्रह मागे घेतो. मी टिकण्याकडे पाहिलं, कामाच्या रीतीकडे नाही. या कामाला ५५ ते ५८ मधलं पोलादच योग्य.

धारेबद्दल मात्र सांगतो, कारण नवी सुरी दुकानातून येते तेव्हा तिची धार क्वचितच पुरी असते. दोन बाजूंचा ऑइलस्टोन घ्या, एक बाजू खरखरीत, एक बारीक. रस्त्यावरच्या सायकलवाल्या धारवाल्याकडे ही सुरी देऊ नका. त्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, धारेची पातळ कड तापते, आणि एकदा पोलादाचं पाणी उतरलं की ते परत येत नाही. दगडावर पात्याच्या पाठीखाली एकावर एक ठेवलेली दोन एक रुपयाची नाणी बसतील इतकाच उतार ठेवा. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला बारीक कंगोरा लागेपर्यंत. मग बाजू बदला. शेवटी न्हाव्याच्या पट्ट्यासारख्या चामड्यावर उलट्या दिशेने वीस हात. गोल पोटाला घासताना मूठ हळूहळू वर उचलत न्यायची, नाहीतर टोकाकडची धार राहून जाते. आणि सोलताना सगळ्यात जास्त तोच भाग लागतो.

ठेवताना: चामडी म्यानात वर्षभर ठेवू नका. चामडं दमट हवा धरून ठेवतं, आणि मुंबईच्या जुलैत स्टेनलेसवरही ठिपके पडतात. धुवा, पुसा, पंख्याखाली वाळवा, खोबरेल नको (ते चिकट होतं), पातळ पॅराफिन तेल लावा आणि वर्तमानपत्रात गुंडाळा.

वेसावकरीण | ८ मे, सकाळी ६.५०

तुमच्या बोकडाचं मला ठाऊक नाही, पण मुशीचं (लहान शार्कचं) कातडं आम्ही रोज काढतो. ते पॉलिश पेपरसारखं असतं, त्यावर सुरी चालवली तर सुरीच संपते. आधी कढत पाणी ओतून खरवडायचं. आणि अख्खं काढायचं असेल तर डोक्याजवळ चीर देऊन, टोकाला मीठ लावून पकड घ्यायची आणि ओढायचं. चिकट हाताला मिठाने पकड येते. माणदेशी दादा, चरबीने हात घसरला तर बोटांना जाड मीठ लावून बघा.

लालबागचा माणदेशी | १९ ऑक्टोबर, रात्री ९.३०

मधे गप्प होतो, पण काम चालू होतं. सत्तूरदादांनी स्वतःहून दुकानावर बोलावलं. चार रविवार पहाटे त्यांच्याबरोबर देवनारला गेलो. पहिले दोन रविवार नुसतं पाहिलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी सोलायला दिलं आणि माझी सुरी काढून घेतली. चिरा त्यांनी दिल्या, पुढचं मी मुठीने. पाठीवर दोन्ही मुठी भेटल्या तेव्हा जे वाटलं ते लिहिता येत नाही.

सुरी क्रॉफर्ड मार्केटजवळ घेतली. दोन घेतल्या. एक साडेपाच इंची, स्टेनलेस, वर वळलेलं पातं, काळी खरखरीत मूठ. दुसरी चार इंची साधी, पायांच्या चिरांसाठी. दोन्ही मिळून माझ्या अंदाजाच्या आतच बसल्या. दुकानदाराने आकड्याची दाखवली, मी नको म्हटलं. नागदेवीकर काकांनी दगड निवडून दिला आणि दुकानातच अर्धा तास उभं राहून घासायला लावलं. मोठ्या सुरीचं टोक दगडावर मोडताना हात जरा थांबला होता, पण मोडलं.

लालबागचा माणदेशी | २२ एप्रिल, रात्री ११.१५

यात्रा झाली. आज सकाळी सातला बोकड पडला आणि लगेच टांगला, देवळाची वाट पाहिली नाही. चाचा बाजेवर होते. लहान सुरीने पाय आणि पोट, धार वर. चुलीवरच्या पाण्यात सुरी बुडवून मग छातीचं हाड. बाकी मूठ. चाचा पूर्ण वेळ काही बोलले नाहीत, फक्त मानेपाशी पोचलो तेव्हा म्हणाले, "आता सुरी घे." तिथे एक ओरखडा गेला, उजव्या बाजूला, कानाच्या खाली.

वेसावकरीण ताई, कुशीवर हात घसरायला लागला तेव्हा मीठ लावलं. पकड आली.

रापीताई, आबांना मिठाचं विचारलं. त्यांना ताजंच हवं होतं. त्यांनी कातडं उन्हाकडे धरलं, मग डोळे मिटून तळवा फिरवला, अगदी तुमच्या सासऱ्यांचं लिहिलंत तसं. ओरखड्यापाशी बोट थांबलं. म्हणाले, मानेचा भाग कड्याच्या बाहेर जाईल. आणि कातडं खांद्यावर टाकून घेऊन गेले.

सत्तूर | २३ एप्रिल, रात्री १२.२०

वाचलं, दादा. मानेवरचा ओरखडा उजवीकडे आहे म्हणजे शेवटी तुम्ही बाजू न बदलता हात आडवा नेला असणार. रविवारी या, ते दाखवतो. येताना मोठी सुरी आणा, वर्षभरात तिचं पोट किती उरलंय ते बघू.